‘गेले’ आणि ‘जायचे’ : स्पॅनिशचा भूतकाळ आपल्या मराठीतून



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यांना झालंय काय? गेल्या वेळी गांडूळखत आणि आज एकदम स्पॅनिश! पण जरा थांबा. हा विषय आमच्याकडे चुलीपाशी आला, म्हणून तुमच्यापर्यंत आणतोय.

आमच्या गटातल्या एकीची लेक पुण्यात राहून स्पॅनिश शिकते. बारावीनंतर तिनं हे धरलं. परदेशी भाषा आली की कंपन्यांमध्ये काम मिळतं, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. पहिले सहा महिने बरे गेले. दिवाळीला घरी आली ती मात्र तोंड पाडून. भूतकाळाच्या चाचणीत वीसपैकी सहा गुण. म्हणाली, “आई, माझ्या डोक्यात हे शिरतच नाही. त्यांच्यात दोन-दोन भूतकाळ आहेत. कुठं कोणता लावायचा ते कळत नाही. बाकीच्या मुली इंग्रजी शाळेतल्या, त्यांना जमत असणार. मी सोडून देते.”

आई सातवी शिकलेली, भाकरी थापत होती. तिनं विचारलं, “दोन म्हणजे कसे गं?” लेकीनं वहीत बघून इंग्रजीत काहीतरी वाचलं. आईला काही उमगलं नाही. मग लेक वैतागून म्हणाली, “अगं, एकाचा अर्थ ‘मी शाळेत गेले’ आणि दुसऱ्याचा ‘मी शाळेत जायचे’.”

आई म्हणाली, “मग त्यात कोडं काय? गेले म्हणजे गेले, झालं ते. जायचे म्हणजे नेहमीचं.”

लेक गप्प झाली. कारण वर्गात तीन आठवडे जे चाललं होतं, ते आईनं भाकरी उलटता उलटता सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघी वही घेऊन आमच्या रेडिओच्या खोलीत आल्या. दिवाळीचे चार दिवस आम्ही पाचजणी त्या वहीभोवती बसलो. आम्हाला स्पॅनिश बोलता येत नाही, हे आधीच सांगतो. पण त्या चार दिवसांत आणि नंतर फोनवर जे कळलं, ते त्या मुलीकडून तपासून घेतलंय. कुणाची लेक, सून, भाची ही भाषा शिकत असेल तर तिला उपयोगी पडेल.

स्पॅनिश म्हणजे मुळात स्पेन देशाची भाषा. स्पॅनिश लोक जहाजांनी अमेरिका खंडात गेले, त्यांनी तिथले मुलूख जिंकले आणि भाषा तिथंही रुजली. आज मेक्सिको, ग्वातेमाला, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना अशा वीसेक देशांत तिच्यातच सरकारी कारभार चालतो. आपल्या कालवणातली मिरची, बटाटा, टोमॅटो आणि शेतातला मका मूळचे त्याच खंडातले. गोव्यात पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसं असतील तर त्यांना आजचा विषय लगेच कळेल, कारण पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिच्यातही हे दोन भूतकाळ असेच आहेत.

आता मुद्द्याला येऊ. श्रावणातल्या कहाण्या आपण सगळ्यांनी ऐकल्यात. कहाणी सुरू कशी होते? आटपाट नगर होतं. तिथं राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. नावडती गोठ्याशेजारी राहायची, शिळंपाकं खायची. इथवर काही घडलेलं नाही बरं का. नुसतं चित्र उभं राहिलं. मग येतं, ‘एके दिवशी काय झालं’. तिथून पुढं राणी उठली, नदीवर गेली, तिला नागकन्या भेटल्या, त्यांनी वसा दिला. एकामागून एक गोष्टी घडत जातात.

स्पॅनिशचे दोन भूतकाळ नेमके हेच. ‘एके दिवशी’च्या आधीचा एक, नंतरचा दुसरा. त्यांच्याकडच्या गोष्टीही ‘आबीआ ऊना बेस’ अशा सुरू होतात. म्हणजे ‘एकदा एक होतं’. हे ‘आबीआ’ चित्र उभं करणाऱ्या भूतकाळातलं रूप आहे. मग ‘उन दीआ’, म्हणजे एके दिवशी, असं आलं की बहुतेक वेळा क्रियापदं बदलतात आणि घडणाऱ्या भूतकाळात जातात. त्या मुलीला आम्ही नावडतीच्या राणीची गोष्ट सांगायला लावली आणि प्रत्येक क्रियापदाखाली खूण करायला सांगितली. चित्र असेल तिथं गोल, घडलं असेल तिथं उभी रेघ. एक चूक झाली नाही तिची.

शाळेत आपण मराठीचे चार भूतकाळ पाठ केले होते, आठवतात का? साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. मी गेले, मी जात होते, मी गेले होते, मी जात असे. हा शेवटचा ‘जात असे’ पुस्तकातला, बोलताना आपण ‘जायचे’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये आपला अपूर्ण आणि आपला रीती हे दोन्ही एकाच रूपात बसतात. खाणे म्हणजे ‘कोमेर’. ‘कोमी’ म्हणजे मी खाल्लं. ‘कोमीआ’ म्हणजे मी खात होते आणि मी खायचे, दोन्ही. कोणता अर्थ, ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. ‘तोदोस लोस दीआस’, म्हणजे रोज, असं आलं तर खायचे. ‘पाऊस आला तेव्हा’ असं आलं तर खात होते.

दोन्ही काळ एकाच वाक्यातही येतात. ‘योबीआ क्वांदो येगे’. पाऊस पडत होता जेव्हा मी पोचले. पाऊस चाललेला होता, त्याला आरंभ-शेवट सांगितलेला नाही, म्हणून ‘योबीआ’. पोचणं एका क्षणात झालं, म्हणून ‘येगे’. आपण मराठीत बोलतानाही हा फरक न चुकता करतो. इंग्रजीत मात्र बऱ्याचदा एकच साधं रूप दोन्हीकडे चालून जातं, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा धडा डोंगरासारखा वाटतो. आपल्या मुलीनं मराठीचा डोंगर लहानपणीच चढलेला असतो. मग ती उगाच खाली उतरून इंग्रजीच्या वाटेनं परत चढते.

शिवाय आपली मराठी या बाबतीत स्पॅनिशहून अवघडच आहे म्हणायचं. आपण आंबा खाल्ला म्हणतो, भाकरी खाल्ली, पेरू खाल्ले. जे खाल्लं त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. गेलो-गेले असं बाई-पुरुषाप्रमाणेही बदलतं. स्पॅनिशमध्ये यातलं काही नाही. बाई असो की बाप्या, आंबा असो की भाकरी, ‘कोमी’ ते ‘कोमी’च. बदल होतो तो मी, तू, तो, आम्ही, ते याप्रमाणे. ही रूपं पाठ करावीच लागतात, त्याला इलाज नाही. चित्र उभं करणारा भूतकाळ त्यातल्या त्यात गरीब गाय आहे, त्याच्यात नियमाबाहेरची क्रियापदं फक्त तीन : असणे, जाणे आणि पाहणे. घडणारा भूतकाळ खट्याळ, त्याच्यात नियम मोडणारी पुष्कळ. गंमत म्हणजे ‘फुई’ याचा अर्थ ‘मी गेले’ असाही होतो आणि ‘मी होते’ असाही. आमच्यातली एकजण म्हणाली, गेली ती होतीच की!

आता रेडिओवर सांगण्याजोगी एक गोष्ट, कारण ती ऐकूनच कळते. ‘आऽब्लो’ म्हणजे मी बोलते. ‘आब्लोऽ’ म्हणजे ती बोलली किंवा तो बोलला. अक्षरं तीच, जोर कुठं दिला एवढाच फरक. लिहिताना ते शेवटच्या ‘ओ’वर एक तिरकी रेघ देतात. ती रेघ विसरली की आज आणि काल यांची अदलाबदल होते. वीसातले तीन गुण त्या मुलीचे या रेघेनंच गेले होते.

पण मराठी सगळीकडे हात देते असं नाही. तीन जागी ती पाय ओढते, आणि ते आम्हाला वहीतल्या लाल खुणा बघून कळलं.

पहिली जागा ‘गेले होते’ची. आपण म्हणतो, “काल मी बाजाराला गेले होते.” जाऊन आले, एवढंच सांगायचं असतं. ती मुलगी याचं शब्दाला शब्द करून ‘आबीआ ईदो’ असं लिहायची. स्पॅनिशमध्ये ते रूप आहे, पण ते फक्त एका घडलेल्या गोष्टीच्या आधी दुसरी घडून गेली असेल तेव्हा वापरतात. मी पोचले तेव्हा एसटी गेली होती, असं. नुसतं काल बाजाराला गेले होते, याला तिथं ‘आयेर फुई’, काल गेले, इतकंच. आपल्या ‘होते’ला हात आवरायला सांगावं लागतं.

दुसरी जागा मोजलेल्या वेळेची. “आम्ही दहा वर्षं मुंबईत राहत होतो.” मराठीत हे अगदी बरोबर आहे. पण दहा वर्षं अशी मोजून सांगितली की स्पॅनिशच्या दृष्टीनं त्या काळाला कुंपण पडलं. कुंपणाच्या आत जे होतं ते संपलं, म्हणून तिथं घडणारा भूतकाळ : ‘बिबीमोस’, राहिलो. तेच “आम्ही मुंबईत राहत होतो तेव्हा धाकटा झाला” असं असेल तर कुंपण नाही, तिथं चित्राचा भूतकाळ. काळ किती लांब होता याचा इथं संबंध नाही. शंभर वर्षं चाललेली गोष्टही मोजून सांगितली की ‘घडली’ म्हणायची. पुस्तकात कुठं कुठं ‘लांब चाललेली क्रिया’ असा नियम दिलेला असतो, तो आम्हाला तरी फसवाच वाटला.

तिसरी जागा ‘होता’ची. “कालचा कार्यक्रम छान होता.” ‘होता’ दिसलं की मुलगी चित्राकडे वळायची. पण कालचा कार्यक्रम पार पडला, आपण त्याच्याबद्दल शेवटचं मत देतोय, म्हणून तिथं ‘फुए’ किंवा ‘एस्तूबो’ म्हणतात. मराठीत या दोन्हींना वेगळे शब्द नाहीत. ‘होता’ एकटाच सगळी कामं करतो.

आता आम्हाला सगळ्यांत आवडलेला भाग. काही क्रियापदं अशी आहेत की भूतकाळ बदलला की अर्थच बदलतो. ‘साबीआ’ म्हणजे मला माहीत होतं. ‘सूपे’ म्हणजे मला कळलं. क्रियापद एकच. माहीत असणं हे चित्र, कळणं ही घटना. ‘कोनोसीआ’ म्हणजे मी तिला ओळखत होते, ‘कोनोसी’ म्हणजे तिची-माझी ओळख झाली. ‘पोदीआ’ म्हणजे मला करता येत होतं, केलं की नाही ते सांगितलेलं नाही. ‘पूदे’ म्हणजे जमलं, करून दाखवलं. आणि ‘नो केरीआ’ म्हणजे माझी इच्छा नव्हती, पण ‘नो कीसे’ म्हणजे मी नाही म्हटलं, ठाम. इच्छा नसणं आणि नाही म्हणणं यात किती अंतर असतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. लग्न ठरताना आमच्यातल्या दोघींची ‘नो केरीआ’ होती. ‘नो कीसे’ एकीलाही जमलं नाही.

या वाक्यावर आधी हसू झालं, मग खोलीत जरा शांतता पसरली. मग बोलणं दुसरीकडेच गेलं.

मारणे याला स्पॅनिशमध्ये ‘पेगार’ म्हणतात. ‘मे पेगो’, जोर शेवटी, म्हणजे त्यानं मला मारलं. ‘मे पेगाबा’ म्हणजे तो मला मारायचा. एक एकदाचं, दुसरं वर्षानुवर्षांचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका बाईबरोबर तक्रार द्यायला गेलो होतो. ती सांगत होती, “दारू पिऊन आला की मारायचा.” कागदावर उतरलं, “दारू पिऊन मारले.” सही करण्याआधी आम्ही कागद मोठ्यानं वाचून घेतला आणि ते वाक्य बदलायला लावलं. लिहिणाऱ्याला वाटलं, काय फरक पडतो? फरक इतकाच की बारा वर्षांची एक रात्र झाली होती.

हीच गोष्ट दोन भाषांच्या मध्ये आली तर? मुलीनं आम्हाला ग्वातेमालाबद्दल सांगितलं. मध्य अमेरिकेतला हा छोटा देश. तिथं 1960 पासून 1996 पर्यंत यादवी चालली. सेपुर सार्को नावाच्या गावाच्या परिसरातले शेतकरी जमिनीचे कागद मागत होते. 1982 साली सैन्यानं त्या पुरुषांना उचलून नेलं, ते परत आले नाहीत. मागं राहिलेल्या बायकांना सैन्याच्या ठाण्यावर आळीपाळीनं राबायला लावलं. स्वयंपाक, कपडे, आणि त्यांच्यावर बलात्कार. तीसहून अधिक वर्षांनी, 2016 च्या फेब्रुवारीत, त्यांचा खटला राजधानीतल्या न्यायालयात उभा राहिला. बायका आता आज्या झाल्या होत्या. ओढणीसारख्या कापडानं चेहरे झाकून त्या बसायच्या. त्यांची भाषा केक्ची, माया लोकांच्या भाषांपैकी एक. न्यायालयाची भाषा स्पॅनिश. त्या केक्चीत सांगत आणि दुभाषी ते स्पॅनिशमध्ये करून सांगे. 26 फेब्रुवारीला निकाल लागला. एका माजी लष्करी अधिकाऱ्याला 120 वर्षं आणि सैन्यासाठी काम करणाऱ्या दुसऱ्याला 240 वर्षं शिक्षा झाली.

अशा ठिकाणी दुभाष्याच्या तोंडात काय असतं याचा विचार करा. बाई सांगते की आम्हाला न्यायचे, राबवायचे. हे ‘नेलं, राबवलं’ असं झालं तर रोजचं जुलूम एका दिवसाचं होऊन बसतं. उलट, नवऱ्याला नेलं ती घटना ‘न्यायचे’ झाली तर ती धुक्यात जाते, कोणत्या दिवशी, कुणी, हे विचारायची जागाच राहत नाही. साक्षीत दोन्ही लागतात आणि ज्याच्या त्याच्या जागी लागतात. त्या मुलीला तोवर वाटत होतं की हे गुणांसाठीचं आहे. तिनं त्या दिवसापासून सोडून देण्याची भाषा बंद केली, हे तिच्या आईनं आम्हाला नंतर सांगितलं.

एक छोटी गोष्ट राहिली. ‘मी जेवले’ आणि ‘मी जेवले आहे’ असा फरक आपण करतो, तसा त्यांच्यातही आहे : ‘कोमी’ आणि ‘ए कोमीदो’. हा ‘ए’ लिहिताना ‘ह’ अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत. स्पेनच्या बऱ्याच भागात आज जेवले असेल तर ‘ए कोमीदो’ म्हणतात आणि काल जेवले असेल तर ‘कोमी’. मेक्सिको, अर्जेंटिनाकडे आज असो की काल, सहसा ‘कोमी’च म्हणतात. म्हणजे पुस्तक स्पेनचं आणि फोनवरचा माणूस मेक्सिकोचा असेल तर गोंधळू नये, दोघंही बरोबर. आणि आपलं ‘-णार होते’ त्यांच्याकडे ‘ईबा आ’ असं होतं. “तुला फोन करणार होते” म्हणायची सोय तिथंही आहे, तेव्हा सबबी सांगायला अडचण नाही.

तर मदत कशी करायची? तुम्हाला स्पॅनिशचं एक अक्षर यायची गरज नाही. मुलगी घरी असेल तर संध्याकाळी, लांब असेल तर फोनवर, तिला विचारा की काल काय काय झालं. मराठीतच सांगू दे. ती ‘झोपले होते’ म्हणाली की थांबवून विचारा : झोपेत होतीस तेव्हा काही झालं, की नुसतं झोपलीस एवढंच? ‘राहत होतो’ म्हणाली की विचारा : किती दिवस ते मोजून सांगतेस का? उत्तर ती मराठीत देईल आणि स्पॅनिशचं रूप तिचं तिला सापडेल. आमच्यातली आई हे रोज दहा मिनिटं करते. तिचं म्हणणं, त्या निमित्तानं लेकीचा दिवस कसा गेला तेही कळतं.

शेवटी तीन वाक्यं देतो. मुलींना घाला. “लहानपणी आम्ही विहिरीवर पोहायचो.” “आजी विहिरीवर पाणी भरत होती, तेवढ्यात दोर तुटला.” “ती विहीर चार वर्षं कोरडी होती.” पहिल्यात चित्र. दुसऱ्यात आधी चित्र आणि मग घटना. तिसऱ्यात ‘होती’ दिसलं तरी फसायचं नाही, चार वर्षं मोजलीत, म्हणून घटना. तिसऱ्या वाक्यात आमच्या पाचजणींपैकी चौघी चुकल्या होत्या.